टेबलावरच्या चिप्स मोजा : सांगलीतल्या पोकर टूर्नामेंटचा अनुभव

सांगली-मिरजेत पोकर खेळणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय, आणि साताऱ्याच्या मित्रांसाठीही. कारण सांगलीत आम्हाला फसवणारी मंडळीच आता तिकडे टेबल लावायच्या तयारीत आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ॲपवरचं पोकर बंद पडलं. त्यानंतर माझ्या ओळखीतली बरीच पोरं समोरासमोरच्या टेबलाकडे वळली. त्यातलाच हा खेळ, हरिपूरच्या बाजूला एका फार्महाऊसवर. दोन हजार रुपये एन्ट्री, त्याचे दहा हजारांचे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावात लावायच्या चकत्या. दर वीस मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावायची सक्तीची रक्कम, वाढणार. पहिल्या दीड तासात बाद झालात तर पुन्हा दोन हजार रुपये भरून दहा हजारांचे चिप्स, म्हणजे रिबाय. ॲड-ऑन, म्हणजे बाद न होताच जादा चिप्स विकत घेणं, नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगितलं. जमलेल्या पैशातले वीस टक्के आयोजकाचे, बाकी पहिल्या चौघांचे. पैसे मात्र आयोजकाने स्वतःच्या नावावर घेतले नाहीत, तिसऱ्याच कुणाच्या यूपीआयवर घेतले.

पत्ते वाटायला वेगळा माणूस नव्हता. आमच्या टेबलावर आयोजकाचा एक नातेवाईक खेळतही होता आणि "तुम्ही निवांत खेळा दादा, मी वाटतो" म्हणत जवळजवळ प्रत्येक डाव तोच वाटत होता. पिसल्यावर पत्ते काटायला कुणापुढे ठेवायचा नाही. त्याचा एक जोडीदार माझ्या उजव्या हाताला बसला होता. या दोघांची रीत नीट समजून घ्या, कारण ती कुठेही दिसेल. जोडीदार आधी थोडे चिप्स लावणार. मी कॉल केला, म्हणजे तेवढेच चिप्स लावले, की नातेवाईक एकदम तिप्पट-चौपट वाढवणार. मी मध्ये अडकलो. पत्ते टाकावेत तर आधी लावलेले गेले, राहावं तर सगळा स्टॅक, म्हणजे पुढ्यातला चिप्सचा ढीग, पणाला. आणि डावात ते दोघेच उरले तर? टेबलावर उघडी पडणारी पानं, म्हणजे फ्लॉपची तीन, मग टर्न, मग रिव्हर, अशी शेवटच्या पानापर्यंत कुणी एक चिपही लावत नव्हतं. एकदा दोघांत ऑल-इन झालं, म्हणजे सगळेच चिप्स पणाला लागले, तेव्हा नातेवाईकाने पत्ते न दाखवताच गड्डीत मिसळले. टूर्नामेंटमध्ये ऑल-इनला कॉल आला की दोघांचेही पत्ते उताणे करायचे असतात, आणि हा नियम नेमका असं संगनमत रोखण्यासाठीच आहे. मी बोललो, तर "घरचाच खेळ आहे, एवढं काय" असं उत्तर आलं.

खरी गोष्ट शेवटच्या टेबलावर उघडी पडली. चहाच्या सुट्टीनंतर त्या नातेवाईकापुढचा ढीग वाढलेला मला आणि माझ्या शेजाऱ्याला दिसला. चिप्स साध्या, खेळण्याच्या दुकानात मिळतात तसल्या, कसलीही खूण नसलेल्या. आम्ही सहाजण उरलो होतो. मी सगळ्यांना स्टॅक मोजायला लावले. एन्ट्री २६, रिबाय १४, म्हणजे एकूण ४० वेळा दहा-दहा हजार दिले गेले. टेबलावर चार लाख असायला हवे होते. निघाले ४ लाख ६५ हजार. बारक्या चिप्स बदलून मोठ्या देताना शंभर-दोनशेंचा फरक पडतो, पासष्ट हजारांचा पडत नाही. आयोजक म्हणाला, "काही रिबाय लिहायचे राहिले असतील." एका रिबायला दहा हजारांचे चिप्स, मग पासष्ट हजारांत साडेसहा रिबाय बसतात कसे? आणि लिहायचे राहिले असतील तर त्यांचे पैसेही बक्षिसात यायला हवेत. ते कुठे होते? म्हणजे एक तर चिप्स बाहेरून आल्या, नाही तर पैसे बाहेर गेले. तिसरा अर्थ निघत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका खेळाडूने बनावट चिप्स आणल्या होत्या. तिथे खेळ थांबवून टूर्नामेंट रद्द केली गेली आणि तो माणूस तुरुंगात गेला. आमच्याकडे खेळ पुढे चालू ठेवला. पहिला अर्थातच तो नातेवाईक आला. मी तिसरा, दहा हजार रुपयांचा मानकरी. हातात तीन हजार ठेवले, "बाकीचे उद्या सकाळी टाकतो." मग फोन उचलणं बंद झालं आणि ग्रुपमधून मला काढून टाकलं.

तक्रारीची वाट किती अवघड आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा अड्डा चालवणाऱ्याला धरतो आणि तिथे सापडलेल्या खेळणाऱ्यालाही. कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतं आणि रमी कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं. पण पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उलट निकाल दिला. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढताना माणूस आधी स्वतःचाच विचार करतो. दिवाणी दावा लावावा तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आडवं येतं, पैजेत जिंकलेले पैसे दाव्याने वसूल होत नाहीत. चारचौघांत इभ्रत जाईल म्हणून घरीही कुणी बोलत नाही. या गप्प बसण्यावरच त्यांचा धंदा चालतो, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आहे. त्या टेबलावर पंचविशीतली, पगाराचे पैसे घेऊन आलेली पोरं होती.

एन्ट्री आणि रिबाय सगळ्यांना दिसतील असे फळ्यावर लिहायला सांगा. वाटणारा खेळणारा नको. गड्डी काटल्याशिवाय पान घेऊ नका. प्रत्येक सुट्टीनंतर चिप्सची बेरीज करा, आणि यातलं काहीही नाकारलं तर तिथूनच उठा.

साताऱ्यात फिरणाऱ्या नव्या निमंत्रणात ग्रुपचं नाव वेगळं आहे, एन्ट्री तीन हजार झाली आहे, पण पैसे पाठवायचा यूपीआय तोच आहे. हरिपूरच्या खेळात ज्यांनी पैसे भरले, त्यांनी त्या पेमेंटचे स्क्रीनशॉट पुसू नका. आम्ही चौघे एका वकिलांना भेटतोय, तिथे ते लागणार आहेत.