ब्रेकची डिस्क : लेथवर घासून घ्यावी की नवी बसवावी?

तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरू लागले, की गॅरेजमध्ये आपल्यापुढे दोन पर्याय ठेवले जातात : डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) घासून सपाट करून घेणे किंवा जुनी काढून नवी बसवणे. पहिला स्वस्त, दुसरा महाग, एवढ्याच आधारावर बहुतेकांचा निर्णय होतो, आणि तो मला धोक्याचा वाटतो. कारण डिस्कची जाडी मोजल्याशिवाय पहिला पर्याय आपल्याला खुला आहे की नाही, हेच कळत नाही.

प्रत्येक गाडीच्या डिस्कला किमान जाडीची मर्यादा असते आणि ती बहुधा डिस्कवरच कोरलेली सापडते. समजा, नव्या डिस्कची जाडी 22 मिलिमीटर आणि मर्यादा 20 मिलिमीटर आहे. आज मोजमाप 21.2 आले आणि चरे 0.3 मिलिमीटर खोल असले, तर दोन्ही बाजू तेवढ्याच घासल्यावर 20.6 उरतात, म्हणजे लेथचा खर्च सार्थकी लागतो. मोजमाप 20.6 असेल, तर त्याच कामानंतर डिस्क नेमकी मर्यादेवर येते आणि पुढच्या पॅडच्या (ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या तुकड्यांच्या) जोडीबरोबर होणाऱ्या झिजेला जागाच राहत नाही. अशा वेळी लेथवर खर्च करू नये. हे माप मायक्रोमीटरने, पॅड घासतो त्या पट्ट्यात, सहा-आठ ठिकाणी घ्यावे. साध्या व्हर्नियरची तोंडे डिस्कच्या बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

किमान जाडीचा आग्रह कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता साठवण्याचे काम डिस्कमधले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, करते; बीड कमी झाले, की तीच डिस्क लवकर आणि जास्त तापते, तिला बारीक तडे जाऊ लागतात. सोलापूरच्या उन्हाला अनेक जण दोष देतात, पण सलग उतारावर डिस्क दोन-तीनशे अंशांपर्यंत तापू शकते, त्यापुढे हवेतल्या पाच-दहा अंशांचा फरक किरकोळ आहे. कडेपर्यंत गेलेला तडा दिसला, तर मोजमापही करत बसू नये. ती डिस्क बदलायचीच.

जाडी पुरेशी असली, तरी लेथचे काम कोण आणि कसे करतो, यावर सगळे अवलंबून असते. आपल्याकडे एमआयडीसीत कसलेले टर्नर आहेत, पण डिस्क चकमध्ये (लेथच्या पकडीत) किंचित तिरपी पकडली गेली, तर ती लेथवर सरळ आणि गाडीवर वाकडी ठरते. माझ्या गाडीची डिस्क घासून आणल्यावर महिन्याभरात थरथर परतली. उघडून पाहिले, तर हबवर, म्हणजे डिस्क बसते त्या चाकाच्या मध्यभागावर, गंजाचा थर तसाच होता आणि त्यावरच डिस्क आवळलेली होती. बसवल्यानंतर डायल गेज (बारीक डोलणे मोजणारे काट्याचे उपकरण) लावून डिस्क फिरवून पाहावी. डोलणे साधारण 0.05 मिलिमीटरच्या आत असावे. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत मिळते. नव्या डिस्कलाही हीच तपासणी लागू आहे, कारण गंजलेल्या हबवर नवी डिस्कही डोलते.

म्हणून छोट्या गाडीच्या डिस्कबाबत माझा कौल बहुतेक वेळा नव्या डिस्कच्या बाजूने आहे : घासण्यासाठी मुळात फारसे बीड हाती नसते आणि खोलण्या-बसवण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच पडते. मोठ्या एसयूव्हीची महाग डिस्क मर्यादेपेक्षा बरीच जाड असेल आणि तक्रार केवळ चऱ्यांची किंवा असमान झिजेची असेल, तर लेथ जरूर निवडावा. मोटारसायकलची पातळ स्टीलची डिस्क मात्र घासण्याच्या फंदात पडू नये, ती सरळ बदलावी.

नवी डिस्क एकाच बाजूला बसवू नये; एका ॲक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीच्या) दोन्ही डिस्क आणि सोबत पॅडही बदलावेत. डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. त्यानंतर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी 60 किलोमीटरवरून 15-20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी, आणि गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नये. तापलेल्या पॅडचा थर एकाच जागी चिकटला, तर थरथर पुन्हा सुरू होते.