जुन्या व्होल्टला लावलेलं वीज-मीटर: अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या 2013 च्या शेव्हरोले व्होल्टमध्ये स्कॅनगेज 2 (गाडीच्या आतले आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले) बसवला आणि गॅरेजमधल्या प्लगला किल-अ-वॉट (प्लगमधून किती वीज जाते ते मोजणारं) मीटर लावलं. आता जुलै आलाय. इथला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहून झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी सेकंडहँड. डेट्रॉइटच्या हॅमट्रॅमिक कारखान्यात बनलेली, आणि आता त्याच भागात पळते. नोव्हायला घर, डिअरबॉर्नला ऑफिस, जाऊन-येऊन 48 मैल. ऑफिसात चार्जिंग नाही. ईपीए या अमेरिकी सरकारी संस्थेच्या हिशेबाने ही गाडी एका चार्जवर 38 मैल जाते, त्यानंतर इंजिन सुरू होतं आणि त्याला प्रीमियम पेट्रोल लागतं. म्हणजे रोजचे शेवटचे दहा मैल पेट्रोलवर. ते दहा मैल विजेवर काढता येतील का, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

गाडीचा स्वतःचा डिस्प्ले चांगला आहे. फुल चार्जनंतर किती युनिट वापरली, किती मैल झाले, हे तो सांगतो. शिवाय एक हिरवी गोळी आहे. नीट चालवलं तर ती मध्ये थांबते, पाय जोरात पडला की पिवळी होऊन सरकते. पण या क्षणाला बॅटरीतून किती किलोवॅट जातायत, हा आकडा कुठेच नाही. बॅटरी किती गरम आहे, खरी किती भरली आहे, तेही नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

सुरुवातीला गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडीची माहिती वाचायचं सॉकेट) एक स्वस्त ब्लूटूथ डाँगल आणि ते आकडे बघायला फोनवर टॉर्क प्रो हे ॲप, असा प्रयोग केला. आकडे यायचे, पण दर वेळी फोन जोडा, ॲप उघडा, मध्येच कनेक्शन तुटलं की पुन्हा जोडा. मिशिगनमध्ये जून 2023 च्या अखेरीपासून गाडी चालवताना फोन हातात धरायला कायद्याने बंदी आहे. तसंही चालत्या गाडीत फोनशी खेळणं मला पटत नाही. म्हणून दीडशे डॉलरच्या आसपास खर्च करून स्कॅनगेज घेतला. छोटा डबा, एका वेळी चार आकडे, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला एक केबल. वेल्क्रोने डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवला, केबल फटीतून आत सारली, वीस मिनिटांत काम झालं.

वेळ गेला तो आकडे भरण्यात. व्होल्टच्या बॅटरीची माहिती त्यात तयार मिळत नाही, एक्सगेज नावाच्या सोयीतून स्वतः घालावी लागते. एकेका आकड्यासाठी टीएक्सडी, आरएक्सएफ, आरएक्सडी, एमटीएच असे चार कोड, आणि तीन अक्षरांचं नाव. सगळं बटणं दाबदाबून. एक अंक चुकला की काहीतरी भलतंच दिसतं. माझ्याकडे उतारावर ब्रेक दाबला की आकडा वजा व्हायच्या ऐवजी थेट हजारांत जायचा, कारण वजा चिन्हाचं गणित चुकलं होतं. दोन संध्याकाळी गेल्या, पण नंतर आजवर परत हात लावावा लागला नाही.

पहिल्याच आठवड्यात कळलेली गोष्ट म्हणजे वेगाची किंमत. आय-96 हायवेवर ताशी 70 मैलांच्या वेगाने जाताना सपाट रस्त्यावर 20-21 किलोवॅट. तीच गाडी 55 वर आणली की साधारण 13. ग्रँड रिव्हर ॲव्हेन्यूवर 45 ने जाताना 9. वेगाने जास्त ऊर्जा लागते हे शाळेत शिकलोय, पण 70 वरून 55 वर येताना समोरचा आकडा 21 वरून 13 वर उतरताना दिसला की ते मनात पक्कं बसतं.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या खऱ्या टक्केवारीची, आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी ही नीट वाचावी. गाडी 'पूर्ण भरली' म्हणते तेव्हा माझ्याकडे आतली टक्केवारी 86 असते. 'संपली' म्हणून इंजिन सुरू होतं तेव्हा 22. बॅटरी 16.5 युनिटची, पण वरचा आणि खालचा भाग गाडी आपल्याला वापरूच देत नाही. म्हणूनच इतकी जुनी होऊनही माझी बॅटरी अजून एका चार्जला दहा युनिट देते. हे आकडे बघितल्यावर जुनी बॅटरी घेतल्याची जी धाकधूक होती ती गेली.

मग थंडी आली. डिसेंबरात आई इस्लामपूरहून आली होती. पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली, शाल घट्ट लपेटून म्हणाली, "अरे, हीटर लाव की, गारठले मी." मी लावला. सिग्नलला गाडी उभी, चाक हलत नाही, आणि आकडा शून्याच्या जवळून सहावर गेला. आईने विचारलं, "हे काय वाढलं?" म्हटलं, "आई, आपल्या घरी गीझर लावला की मीटरची चकती कशी पळायची, आठवतं? तेच हे." तिला पुढे काहीच सांगावं लागलं नाही. महिनाभर ती रोज स्वतः बघायची, आणि सीट गरम करायचं बटण दाबलं तर आकडा जेमतेम हलतो हेही तिनेच मला दाखवलं. तेव्हापासून हिवाळ्यात आम्ही सीट आधी गरम करतो आणि हीटर 'इको'वर ठेवतो. काच धुरकटली तर मात्र काटकसर करू नका, समोरचं नीट दिसणं आधी.

निघण्यापूर्वी प्लगवर असतानाच गाडी गरम करून घ्यावी, हा सल्ला सगळे देतात. बरोबर आहे, पण अर्धाच. साध्या 120 व्होल्टच्या प्लगमधून 12 अँपिअरवर 1.4 किलोवॅट येतात, हीटर त्याच्या कितीतरी पट खातो. उरलेली वीज बॅटरीतूनच जाते. म्हणून मी उठल्यावर आधी गाडी गरम करतो, मग अंघोळ, चहा. तेवढ्या चाळीसेक मिनिटांत गेलेलं भरून निघतं. हे दोन्ही मीटर एकत्र पाहिल्याशिवाय मला कळलं नसतं.

भिंतीवरच्या किल-अ-वॉटने खर्चाचा हिशेबही दुरुस्त केला. गाडी म्हणते 10.2 युनिट वापरली, भिंतीचं मीटर म्हणतं 12.7. बिल भिंतीवरच्या आकड्याचं येतं. चार्जिंग 12 ऐवजी आठ अँपिअरवर ठेवलं तर ते रात्रभर रेंगाळतं आणि अर्धा-पाऊण युनिट जास्तच खातं. पण एक सांभाळा: 12 अँपिअर नऊ-दहा तास सतत म्हणजे प्लगवर मोठा भार. पहिल्या आठवड्यात हात लावून पाहिला तर मीटरचा प्लग चांगलाच तापला होता. सॉकेट जुनं, आतून ढिलं झालेलं. इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतलं, तोवर आठवरच ठेवलं. हात लावून बघायची सवय अजून आहे, तुम्हीही लावा.

जानेवारीत त्या स्वस्त डाँगलने दगा दिला. स्कॅनगेज काढून दोन दिवस तो पोर्टमध्ये लावला होता, नवीन ॲप बघायला. सकाळी गाडी मेलेली. रिमोट चालेना. मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग नाही, कारण गाडी जागी करायचं काम छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीचं. ती मागे डिकीच्या तळाखाली, आणि डिकीचं दार विजेवरच उघडतं. रिमोटच्या पोटातली पत्र्याची किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडलं, बॉनेट उचललं. तिथे लाल झाकणाखाली जंप देण्यासाठी टर्मिनल आहे, त्यावर जंप पॅक लावला. बोटं बधिर झाली होती. नंतर मोजून पाहिलं: डाँगल लावून रात्र गेली की 12.1 व्होल्ट, काढून ठेवला तर 12.6. तेव्हापासून स्कॅनगेजच्या चौथ्या जागी 12 व्होल्टचा आकडाच ठेवलाय. डाँगल वापरत असाल तर घरी आल्यावर काढत जा.

बायकोला चार आकड्यांची गर्दी आवडत नाही, ती चालवताना मी फक्त किलोवॅट ठेवतो. तिचं म्हणणं मला पटतं, नजर रस्त्यावरच हवी. पहिला महिनाभर माझंच लक्ष त्या डब्याकडे जास्त जायचं, ते मी ठरवून कमी केलं.

एप्रिलपासून आय-96 सोडून ग्रँड रिव्हर आणि पुढे टेलिग्राफ रोडने जातो. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, सकाळी निघायची वेळ तेवढी अलीकडे आणलीय. गेल्या मंगळवारी घरी गॅरेजमध्ये शिरलो तेव्हा 48.2 मैल झाले होते, आतली टक्केवारी 24 होती आणि इंजिन दिवसभरात एकदाही सुरू झालं नव्हतं.