धुरातली उष्णता: थर्मोइलेक्ट्रिक की टर्बाइन?

ऐरोलीचा भाचा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवरून अडलाय. "मामा, गाडीच्या धुरातून वाया जाणारी उष्णता पकडायचीय. थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर लावू की धुरावर फिरणारं टर्बाइन?" प्रश्न रास्त आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो.

खर्च आणि मेहनत पाहिली तर थर्मोइलेक्ट्रिक सरळ पुढे. त्यात एक खास चकती असते. तिची एक बाजू तापवायची, दुसरी थंड ठेवायची, की वीज मिळते. हा परिणाम सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये पाहिला होता. टर्बाइन मात्र मिनिटाला लाखभर फेरे घेतं. त्याचा तोल आणि बेअरिंग सांभाळणं कॉलेजच्या वर्कशॉपच्या आवाक्यातलं नाही. फॉर्म्युला वनने २०१४ मध्ये आणलेला असा जनरेटर २०२६ च्या नियमांत काढून टाकला, तोही खर्च आणि गुंतागुंतीपायी.

टिकाऊपणाचं नीट समजून घे. हलणारा भाग नाही म्हणजे चकती कायम टिकेल, असं नाही. बिस्मथ टेल्युराइड या पदार्थाच्या साध्या चकतीची मर्यादा २५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि मॅनिफोल्डजवळचा, म्हणजे इंजिनातून नुकताच बाहेर पडलेला धूर त्याहून कितीतरी तापलेला असतो. त्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सारखं तापणं-निवणं, त्याने सांधे तडकतात. म्हणून चकत्या सायलेन्सरकडे बसव आणि दुसऱ्या बाजूला पाणी फिरव.

वीज टर्बाइन जास्त देतं. चकतीची कार्यक्षमता जेमतेम पाच टक्के. पण टर्बाइन धुराला अडवतं, ते इंजिनाला सोसावं लागतं.

तुझ्या प्रोजेक्टला थर्मोइलेक्ट्रिकच घे. हायवेवर तासन्‌तास एका लयीत, भार घेऊन धावणाऱ्या मोठ्या ट्रकला टर्बाइन शोभतं.