फोमची केस की कापडी पाऊच?

भाच्याने ॲक्शन कॅमेरा घेतला आणि दोनच दिवसांत फोन, "मामा, हे सगळं ठेवायचं कशात?" प्रश्न बरोबर आहे. कॅमेरा मुठीत मावतो, पण त्याचं बिऱ्हाड मावत नाही. जादा बॅटऱ्या, चार्जर, छातीचा पट्टा, हेल्मेटचे माउंट म्हणजे कॅमेरा अडकवायचे जोड, काठी, आणि ते आवळायचा तो थंबस्क्रू, जो निघताना नेमका घरी राहतो. बाजारात याला दोनच उत्तरं मिळतात: आत फोमच्या खाचा कापलेली कडक केस, नाहीतर चेनवाले कापडी पाऊच. मी आधी तीन वर्षं केस वापरली, आता चार वर्षं पाऊच वापरतोय.

केसची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच देखणी वस्तू आहे. उघडली की प्रत्येक गोष्ट आपापल्या खाचेत. एखादी खाच रिकामी दिसली की काहीतरी राहिलं, हे मोजायच्या आधी कळतं. रात्री हॉटेलच्या खोलीत आवरताना यासारखं सुख नाही. भरलेली बॅटरी टोकं वर करून आणि संपलेली उलटी ठेवायची, एवढा एक नियम पाळला तर सकाळी गोंधळ होत नाही. पाऊचमध्ये ही शिस्त आपोआप येत नाही, लावून घ्यावी लागते. शिवाय गाडीच्या डिकीत वरून कोणी सुटकेस आदळली तरी केसच्या आत काही होत नाही.

आता मला ती का सोडावी लागली ते.

रामटेकजवळ खिंडसीच्या तलावात नावेत बसलो होतो. संध्याकाळचा उजेड उतरत होता आणि नेमकी बॅटरी संपली. केस मांडीवर घेऊन चेन फिरवली. ही केस पुस्तकासारखी उघडते, म्हणजे तिला दोन हात लागतात आणि खाली सपाट जागा लागते. नावेत दोन्ही नव्हतं, एका हातात कॅमेराच होता. झाकण पलीकडे पडलं, त्याच्या जाळीतला स्क्रू आणि तो आवळायची किल्ली घरंगळली. ते सावरायला वाकलो तशी नाव डोलली. नावाडी म्हणाला, "भाऊ, हालू नका जी." तोवर एक भरलेली बॅटरी पाण्यात गेली होती.

एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण त्यानंतर लक्षात यायला लागलं की मी केस उघडायला कायम जागाच शोधत असतो. जिप्सीत नाही, ट्रेनच्या वरच्या बर्थवर नाही, बाइकच्या टाकीवर तर नाहीच. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्यानंतर घाट सुरू होतो. तिथे वळणावर थांबून बॅटरी बदलायची म्हणजे मी अक्षरशः रस्त्याकडेचा दगड शोधायचो, पाट मांडल्यासारखा केस त्यावर मांडायचो, आणि हे सगळं होईपर्यंत समोरचं धुकं निघून जायचं. शेवटी शेवटी कॅमेरा काढायचाच कंटाळा यायला लागला. पाऊचला हा प्रश्न नाही. तोंड वर, चेन अर्धी उघडायची, दोन बोटं आत, काम झालं.

दुसरी खोड लहान आहे, पण खर्चिक. खाचा एका मॉडेलच्या मापाच्या असतात. कॅमेरा बदलला, की नवा जुन्या खाचेत एक तर खुळखुळतो नाहीतर बसतच नाही. माउंट लावलेला कॅमेरा तसाच ठेवायची सोय बहुतेक केसमध्ये नसते, दर वेळी स्क्रू काढा, दर वेळी लावा. नव्या चुंबकी माउंटवाल्यांना हा त्रास कमी वाटेल, हे मान्य.

तिसरं आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढच्या उन्हात शूटिंग केलं की कॅमेरा हाताला चटका देतो. फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तापलेला कॅमेरा लगेच केसमध्ये घातला तर तासाभरानेही तो मला कोमटच लागायचा. थर्मामीटर लावून मी काही पाहिलेलं नाही, हाताचा अंदाज आहे. पावसाळ्यात उलटी गत, चिखलदऱ्याचा ओलावा फोम धरून ठेवतो. अशा ओलाव्याने फोम हळूहळू चिकट होऊन त्याचा भुगा पडायला लागतो. माझ्या केसचा एक कोपरा तिसऱ्या पावसाळ्यात तसा झाला.

पाऊच म्हणजे स्वर्ग असं समजू नका. पहिला पाऊच मी जुन्या जीन्सचा शिवून घेतला होता, फार कौतुकाने. त्याची लव लेन्सवर आणि चार्जिंगच्या झाकणात जाऊन बसली, आठवड्यात बाद. आता कॅमेऱ्याला चष्म्याचं मऊ पाकीट आहे, बाकीला नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून घेतलेले तीन साधे नायलॉनचे पाऊच. तिन्ही काळे घेतले ही माझीच चूक. अंधारात बॅटऱ्यांच्या ऐवजी पट्टा हातात येतो, म्हणून चेनला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. आणि कापड धक्का अडवत नाही, त्यामुळे कॅमेरा सॅकमध्ये कपड्यांच्या मधोमध जातो.

बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड मात्र कापडात नुसती टाकू नका. नखाएवढं कार्ड शिवणीत शिरलं की सापडत नाही, आणि बॅटरीच्या टोकांना किल्ली टेकली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. त्यांच्यासाठी एक छोटी प्लास्टिकची डबी ठेवतो. विमानाने जाताना हीच डबी कामाला येते. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, टोकं झाकून हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. मर्यादेची चिंता नको, गोप्रो या ॲक्शन कॅमेऱ्याची १७२० एमएएचची बॅटरी साधारण साडेसहा वॅट-अवरची, विमानातल्या १०० वॅट-अवरच्या मर्यादेच्या पासंगालाही पुरत नाही. सोनेगावच्या विमानतळावर ट्रेमध्ये नुसती डबी काढून ठेवतो, अख्खं दुकान मांडावं लागत नाही.

हेल्मेटला चिकटवायचे माउंट दोन्हीकडे पोरके. केसमध्ये त्यांना खाच नसते, पाऊचमध्ये मागचा कागद सुटून त्यांना धूळ लागते. मी ते वहीच्या पानांत दाबून ठेवतो. तसेही ते घरीच लावून निघावेत, चिकटवल्यावर २४ तास द्यायला सांगतात.

तुमचा प्रवास कारने असेल, घरात लहान मुलं असतील, किंवा दोन कॅमेरे वर्षानुवर्षं तेच राहणार असतील, तर केस घ्या, पस्तावणार नाही. समृद्धी महामार्गावरून कारने जाणारा माझा मित्र केसवर खूश आहे. आम्हा बाइकवाल्यांना समृद्धीवर प्रवेशच नाही. आम्ही आपले कोंढाळी, तळेगाव, अमरावती करत थांबत थांबत जाणारे, आणि दर थांब्याला काहीतरी काढायचं असतं.

भाच्याला मी पाऊचच सांगितले. तरी त्याला केस हवीच असेल तर माझी माळ्यावर पडून आहे, घेऊन जा म्हटलं. कोपरा तेवढा कापून टाकावा लागेल.