झिप कोड नको, पूर्ण पत्ता टाका: कॅलिफोर्नियाचं सेल्स टॅक्स दरशोधक पान

कॅलिफोर्नियाच्या कर खात्याचं (सीडीटीएफए) हे मोफत पान सेल्स टॅक्सचा (विक्रीकराचा) दर शोधायला सगळ्यात भरवशाचं. किमान दर 7.25 टक्के, त्यावर शहर-काउंटीचे स्थानिक कर (डिस्ट्रिक्ट टॅक्स) चढतात. झिप कोडच्या (अमेरिकेतल्या पिनकोडच्या) हद्दी शहराच्या हद्दींशी जुळत नाहीत, म्हणून घर क्रमांकासह पत्ता टाका. नुसत्या झिपवर चालणारे कॅल्क्युलेटर इथेच फसतात.

पान फक्त दर सांगतं. कर कशावर लावायचा, हे आपणच ठरवायचं, आणि खरी चूक तिथेच होते. समजा दर 9.25 टक्के, वस्तू 80 डॉलरची, कूपन 10 डॉलरचं. कूपन दुकानाचं असेल तर कर 70 वर, म्हणजे 6.48 डॉलर. उत्पादक कंपनीचं असेल तर पूर्ण 80 वर, 7.40 डॉलर, कारण ते 10 डॉलर कंपनी दुकानदाराला भरून देते.

भारतीय किराणा दुकानातली पावती ओळीओळीने वाचाच! तांदूळ, तूरडाळ, कणीक यांवर कर नाही. गरम समोसा मात्र पार्सल नेला तरी करपात्र, आणि सोड्याची बाटलीही. दर बहुधा तिमाहीच्या सुरुवातीला बदलतात, त्यामुळे जुना आकडा वापरू नका.