कोकणातली माउंटन बाईक: पुढे तीन चक्रं ठेवावीत की दोन?

सागरी महामार्गावर रेवसहून रेडीकडे निघालेल्याला रस्त्याचा स्वभाव दोन दिवसांत कळतो. खाडीपर्यंत उतरायचं, फेरीबोटीने किंवा पुलावरून पलीकडे जायचं, लगेच घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, यायचं, की पुढची खाडी हजर. सायकलला पुढे पेडलपाशी ४२-३२-२२ दात्यांची चक्रं आणि मागच्या चाकावर ११ ते ३२ दात्यांची आठ गिअरची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, असेल, तर इथे ३२ दिवसभर लागतं, २२ प्रत्येक घाटीला लागतं आणि ४२ क्वचितच. त्यामुळे एक चक्र कमी करायचं तर मोठंच. लहान काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात मानू नका. सामान लादून करूळ किंवा आंबोली घाट चढताना तेच चक्र तुम्हाला सीटवर बसवून ठेवतं.

२७.५ इंची चाक आणि पेडलचे मिनिटाला ८० फेरे धरले, तर मागे ११ वर असताना ४२ चं चक्र ताशी साधारण ३९ किलोमीटर देतं, ३६ चं ३४ आणि ३२ चं ३०. उतारावर ३० च्या पुढे वळणं आणि गुरं बघत ब्रेकवरच हात असतो, पेडल मारतं कोण? शिवाय ४२ वर मागे २८ आणि ३२ वर मागे २१ हे जवळजवळ एकच गिअर आहेत. चोवीसातले बरेच असेच दुहेरी असतात. मात्र रोजचा प्रवास मुंबई-गोवा महामार्गाच्या सपाट पट्ट्यात आणि बारीक टायरवर असेल, तर तीन चक्रं तशीच राहू द्या.

वजन वाचेल म्हणून हा बदल करू नये. काढलेल्या चक्राच्या जागी बॅश गार्ड, म्हणजे बिनदात्यांची संरक्षक चकती, बसतो, हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. खरा फायदा पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, दिसतो. ४२ चं चक्र ३२ पेक्षा सुमारे २ सेंटीमीटर खाली येतं आणि जांभ्याच्या पायरीवर आधी त्याचेच दाते बसतात. गार्डमुळे त्यातली थोडी उंची परत जाते, पण आता दगडाला दात्यांऐवजी गार्डची गुळगुळीत कड लागते.

आधी चक्रं कशी जोडलीत ते पाहा. स्वस्त सायकलींत ती रिव्हेटने पक्की केलेली असतात. तिथे सुटं चक्र निघत नाही, अख्खा क्रँकच (पेडलचे दांडे आणि चक्रं मिळून) बदलावा लागतो. चार बोल्ट दिसत असतील तर काम सोपं. खाऱ्या हवेत हे बोल्ट हमखास धरतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. ५ मिमीच्या ॲलन कीने बोल्ट फिरवताना मागची नट सोबत फिरते, तेव्हा तिच्या खाचेत रुंद स्क्रू ड्रायव्हर धरायचा. पेडल काढलं की ४२ चं चक्र बहुतेक वेळा क्रँकवरून सरकून बाहेर येतं. गार्ड तेवढ्याच जाडीचा असेल तर जुने बोल्ट चालतात. गार्ड लावायचा नसेल तर आखूड बोल्ट घ्या, नाहीतर ३२ चं चक्र कधीच घट्ट बसणार नाही. ग्रीस लावून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा.

आता पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग. तो खाली घ्यायचा, पण त्याची बाहेरची पट्टी गार्डला घासता कामा नये आणि शेपूट चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवर, टेकता कामा नये. अडतं त्याच्या किंचित वर थांबा. चेन ३२ वर आणि मागे सर्वात लहान चक्रावर ठेवून एच स्क्रू, म्हणजे डिरेलर बाहेर किती सरकेल ते ठरवणारा स्क्रू, आवळत जा. पट्टी आणि चेन यांच्यात जेमतेम १ मिमी राहू द्या. जुना तीन गिअरचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) चालतो, फक्त तिसऱ्या क्लिकसाठी जोर लावायचा नाही.

सगळ्यात जास्त चुकते ती चेनची लांबी. ती तशीच ठेवली तर लहान चक्रावर सैल लोंबते आणि खडबडीत रस्त्यावर चेनस्टेवर आपटत राहते. दहा दाते कमी झाले की साधारण ४ कड्या निघतात. तोडण्याआधी चेन मागच्या डिरेलरमधून न नेता दोन्हीकडच्या मोठ्या चक्रांवरून फिरवा, दोन कड्या जास्त धरा, मगच तोडा.

३० चा वेग कमी वाटत असेल तर मधल्या जागी ३६ बसवता येतं. पण आधी चेनस्टेशी अंतर तपासा. जुन्या फ्रेमवर दाते घासू शकतात. चेनही मोजा. २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन नवी घ्या, नाहीतर नव्या ३६ चे दाते ती लवकर झिजवेल.

३८-२४ चा तयार दुहेरी क्रँक घेतला तर गिअर सर्वात स्वच्छ पडतात, पण सोबत डिरेलर, शिफ्टर आणि बऱ्याचदा बॉटम ब्रॅकेटही (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) बदलावा लागतो. शिवाय मागे ११-३२ च राहिलं, तर चढाचा सर्वात हलका गिअर २२ च्या तुलनेत ९ टक्के जड होतो. मागे दहा गिअर आणि ३६ दात्यांची कॅसेट घ्यायची असेल तरच हा खर्च करा. बाकीच्यांनी ४२ काढून गार्ड लावावा आणि काढलेलं चक्र तेल लावून कागदात गुंडाळून ठेवावं. कधी देशावर राहायला गेलात तर त्याच बोल्टवर ते परत बसेल.