ओलावा मीटर: मोठ्या कुंडीत चांगलं, कलमांसाठी नको

मनीषनगरला आमच्या गॅलरीत बावीस कुंड्या आहेत. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे गेला की कुंडीतली वरची माती दोन तासांत वाळते, आणि ती पाहून जीव राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालून दोन अॅग्लोनिमा कुजले. म्हणून यंदा सीताबर्डीवरून हे बिनसेलचं ओलावा मीटर आणलं. 350 रुपये, दोन दांड्या, काटा 1 ते 10.

मोठ्या कुंड्यांना ते खरंच कामाचं आहे. आपली माती काळी, कपाशीची. वर भेगा पडतात आणि आत चिकट ओल धरून राहते. रबराच्या झाडाच्या बारा इंची कुंडीत वर नुसती धूळ होती. दांडी सहा इंच खाली घातली तर काटा 8 वर! एवढ्या खोल बोट जात नाही. पाच दिवस पाणी दिलं नाही, काटा 4 वर आल्यावरच दिलं. पानं पिवळी पडायची थांबली. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

कलमांनी मात्र मला रडवलं. क्रोटनच्या बारा फांद्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात लावल्या होत्या. रोज काटा 2 वर, म्हणून रोज पाणी. पंधरा दिवसांत सात फांद्या बुडापासून काळ्या पडल्या.

मग तीन पेले भरले. आरओच्या पाण्यात काटा जेमतेम 3 वर गेला, नळाच्या पाण्यात 7, आणि त्यातच मीठ टाकल्यावर थेट 10. पेले तिन्ही काठोकाठ भरलेले! म्हणजे हे मीटर पाणी मोजत नाही, दांड्यांच्या दोन धातूंमध्ये तयार होणारा बारीक विद्युतप्रवाह मोजतं. क्षार वाढले की काटा चढतो, म्हणून खत दिल्यानंतर त्याचं ऐकू नका. भुसभुशीत कोकोपीट दांडीला धड चिकटत नाही, तिथे ओल असूनही काटा खालीच राहतो. आणि मुळं न फुटलेल्या फांदीला बुडाशी हवा लागते, गचगचीत ओल नाही. दमटपणा हवा तो पानांभोवती.

आता कलमांच्या चार इंची कुंड्या मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते. पाणी देऊन निथळल्यावर 410 ग्रॅम भरतात, 300 च्या आसपास आल्या की पुन्हा पाणी. वरून पारदर्शक पिशवी, आणि जागा कूलरच्या खोलीत, पण झोतापासून बाजूला. दुसऱ्या खेपेच्या बारापैकी नऊ फांद्यांना मुळं आली.

मीटर घेतलंत तर दांड्या मातीत ठेवून देऊ नका, गंजतात. मोजून झालं की पुसून ठेवा. मोठ्या कुंड्यांसाठी माझ्याकडून पाचपैकी चार तारे, कलमांसाठी एक.